टँकर कुणी आणला?

“टँकर कोनी आनला?”

दादांचे काका खुर्चीतून उठलेही नाहीत. नुसती काठी उचलली आणि तिचं टोक गाडीकडं धरलं.

मी केबिनमधून उतरत होतो. एक पाय पायरीवर, एक अजून आत. आणि खूश होतो. गाव सोडून इकडं आल्यापासून एवढा खूश मी कधी झालो नव्हतो.

दादा म्हणजे आमचे मालक. त्यांचे पाण्याचे टँकर. बदलापूरच्या बाहेर त्यांचं गाव, गावात बंगला, बंगल्यापुढं मंडप. त्यांच्या धाकट्या भावाची हळद होती. सकाळपासून आचाऱ्यांच्या चुली पेटलेल्या आणि पाणी संपत आलेलं. म्हणून आमची गाडी बोलावली. जांभूळजवळच्या विहिरीवर भरून मी ती आणली. मी. स्टेअरिंगवर मी होतो आणि माझे उस्ताद डाव्या सीटवर मांडीवर हात ठेवून बसले होते. त्यांचा गुडघा सुजला होता, क्लच दाबवत नव्हता. गल्ली अरुंद. एका बाजूला विजेचा खांब, दुसऱ्या बाजूला पाहुण्यांच्या गाड्या. तोंडापर्यंत भरलेला टँकर मी एका दमात रिव्हर्स घेत मंडपामागं नेऊन लावला. उस्ताद एक अक्षर बोलले नाहीत. उस्ताद बोलले नाहीत म्हणजे शाबासकी.

काकांना उत्तर उस्तादांनीच दिलं. “पोरानं आणला. मोठ्या गाडीचं लायसन्स आलंय त्याचं. हात चांगला बसलाय.”

“कंचा पोरगा?”

“हिंगोलीकडचा आहे. आपल्याच यार्डात असतो.”

“हिंगोलीचा कोन?”

उस्ताद गुडघा चोळायला लागले. शिडीवर चढून झालर बांधणारा एक जण आमच्या यार्डात येऊन-जाऊन असायचा. त्यानं वरूनच माझं आडनाव सांगितलं. नुसतं आडनाव. आणखी काही सांगावं लागलं नाही.

आचाऱ्याचा झारा कढईतच थांबला. नारळ खवणाऱ्या बाया थांबल्या. मी पायरीवरून खाली उतरलो आणि खाली बघितलं. आपोआप. कुणी शिकवलं नव्हतं. तसं म्हटलं तर जन्मापासून शिकवलं होतं.

“ओता ता पानी,” काका म्हणाले. “आमचे देवाचा घर हाय.”

दादा आतून आले. पिवळा झब्बा, कानाला फोन. काकांनी त्यांच्या कानात सांगितलं. दादांनी फोन खिशात टाकला, माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. काही सांडलं की आपण फरशीकडं बघतो, तसं.

“व्हॉल्व खोल,” म्हणाले.

मला वाटलं पिंपात सोडायचंय. मी पाइप उचलायला गेलो.

“पाइप नको. नुसता व्हॉल्व खोल. सगळं सोडून दे.”

“दादा, प्यायचं पाणी आहे.”

“खोल बोललो ना?”

मी खोलला.

माझ्या हातानं. ज्या हातानं ते विहिरीवर भरलं त्याच हातानं. पाणी जोरात बाहेर पडलं, माझ्या पायावरून गेलं, मंडपाच्या कडेनं गटाराकडं वळलं. उन्हाळ्याचे दिवस. समोरच्या चाळीत नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. भांडी घासायला बोलावलेली डोंगराकडच्या वाडीतली एक बाई हंडा घेऊन पळत आली आणि तिनं तो धारेखाली धरला.

“ए बाय! सरक तिकरं! चिखल नको करू दारान,” काका ओरडले.

ती अर्धाच हंडा घेऊन गेली. जाताना तिनं माझ्याकडं बघितलं. तिनं घासलेल्या भांड्यांत त्यांचं जेवण शिजत होतं. ते चालत होतं. घासायला कुणीतरी लागतं.

टँकर रिकामा व्हायला वेळ लागतो. तेवढा वेळ मी व्हॉल्वपाशी उभा होतो. कुणी मला शिवी दिली नाही. हात उगारला नाही. झारा परत कढईत फिरायला लागला. शेवटी दादा उस्तादांना म्हणाले, “टाकी आतून धुऊन परत भरून आणा. तुम्ही स्वतः आणा. याला गावच्या कमानीच्या बाहेर सोडा.”

आणि मी म्हणालो, “हो दादा.”

पाणी ओतलं ते मी विसरलो असतो कदाचित. हे ‘हो दादा’ विसरता येत नाही.

*

हो दादा म्हणायची मला सवय होती. ती कशी लागली ते सांगतो.

आमचं घर गावाच्या ओढ्यापलीकडं. आम्ही मांग. बा वाखाचे दोर वळायचा, माय शिंदीच्या केरसुण्या बांधायची. नायलॉनचा दोर आला, प्लास्टिकचा झाडू आला, दोघांचेही हात रिकामे झाले. मी आठवीत शाळा सोडली. मास्तर चांगले होते, शाळा वाईट नव्हती. घरी खायला कमी होतं, एवढंच. मोठा झालो तसा मामाकडं आलो, उल्हासनगरला, पाच नंबरच्या कॅम्पात.

मामानं मला जीन्स धुण्याच्या कारखान्यात लावलं. पत्र्याची शेड, मोठमोठे ड्रम, त्यात नवी पँट जुनी करायची. लोकांना जुनी दिसणारी नवी पँट लागते. दिवसभर निळ्या पाण्यात हात. महिन्याभरात माझी नखं निळी झाली ती नंतर कितीतरी दिवस निळीच होती. खोकलो तर थुंकी निळी. सिंधी शेठ वाईट माणूस नव्हता, “बेटा मास्क डाल, बेटा मास्क डाल” म्हणायचा. मास्क मात्र कधी आणला नाही.

त्या कारखान्याला पाणी दादांच्या टँकरचं. उस्ताद गाडी लावायचे आणि मी पळत जाऊन पाइप धरायचो. तेवढीच शेडबाहेर हवा. गाडीकडं बघत राहायचो. एवढं मोठं धूड, आणि एक म्हातारा माणूस दोन बोटांनी वळवतो.

एकदा दादा स्वतः आले होते. माझं बघणं त्यांनी बघितलं. “येतोस का गाडीवर? क्लीनर पाहिजे मला.” मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. जीव मुठीत धरून सांगितलं. ते हसले. “असू दे. आपण नाही मानत ते जुनं. माणूस कामाचा पाहिजे.”

मी त्यांच्या पाया पडलो. शेडमध्ये, निळ्या चिखलात. मामाला रडत सांगितलं की देवमाणूस भेटला. मायला फोन केला. माय म्हणाली, “त्याच्या पायाशी राह्य बाबू. हातचं सोडू नको.”

मी राहिलो. दादांची कार धुतली, पोरांना क्लासला सोडलं, आईंची औषधं आणली. ते काम माझं नव्हतं. मला कुणी सांगितलंही नव्हतं, मीच पुढं व्हायचो. वाटायचं, कमी पडलो तर परत त्या ड्रमपाशी. रोज सकाळी यार्डात शिरताना तेच. आज काढून टाकतील. आज काहीतरी चुकेल. उपकार अंगावर घेतलेल्या माणसाची झोप पातळ असते.

यार्डात माठ होता. त्यातलं पाणी सगळे प्यायचे. मला पहिल्याच दिवशी दादा म्हणाले होते, “तुझी बाटली ठेव रे स्वतःची, ते बरं असतं तब्येतीला.” मी ठेवली. माझ्या तब्येतीची काळजी घेणारा मालक. असं मी मामाला सांगितलं होतं. मामानं ऐकलं. विडी पेटवली.

*

उस्तादांबद्दल वेगळं लिहायला पाहिजे.

साताऱ्याकडचे. शेतकऱ्याच्या घरचे, दोन एकरात भागेना म्हणून ट्रकवर आलेले. साठीकडं झुकलेले. पुढचा एक दात सोन्याचा, तोंडात कायम तंबाखू. शिकवायचं म्हणून त्यांनी मला काही शिकवलं नाही. म्हणजे बसवून, समजावून असं नाही. पहिल्या दिवशी एवढंच म्हणाले, “हाताकडं बघू नको. हात सगळ्यांना दिसतात. पायाकडं बघ.”

मग मी पाय बघितले. किती महिने बघितले कोण जाणे. अंबरनाथच्या एमआयडीसीत, चिखलोलीच्या नव्या टॉवरांत, बदलापूरच्या सोसायट्यांत आमच्या फेऱ्या. मी डावीकडं, नजर उस्तादांच्या चपलांवर. क्लच कधी पूर्ण, कधी अर्धा. चढावर ॲक्सिलेटर आधी की क्लच आधी. गाडीचा आवाज कुठं जड होतो आणि पाय कुठं हलतो. मी रात्री मामाच्या खोलीत आडवा पडून पाय हलवायचो. मामी म्हणायची, “याला आकडी येते की काय?”

बाकी वेळ मी खाली. गाडी मागं घ्यायची असली की क्लीनर मागं उभा राहतो आणि टाकीवर थापा मारतो. सारख्या हलक्या थापा म्हणजे येऊ द्या. एक जोराची म्हणजे थांबा. उस्ताद आरशापेक्षा माझ्या थापेवर गाडी घ्यायचे. मला त्याचा अभिमान होता. एवढी मोठी गाडी माझ्या तळहातावर थांबते.

उस्तादांनी स्टेअरिंग दिलं तेही न सांगता. एक दिवस यार्डात उतरले आणि म्हणाले, “धुवायच्या जागी लाव.” किल्ली गाडीतच होती. मी गाडी बंद पाडली. परत चालू केली, परत बंद पाडली. त्यांनी ओला फडका माझ्या डोक्यात हाणला. “गाढवाच्या लेका, बैल आहे का तो, झटका द्यायला?” मी हसलो. ती शिवी गिअरची होती. ती अंगाला लागत नाही.

मग बारवी धरणाकडच्या रस्त्याला रिकामी गाडी. शिकाऊ लायसन्स काढलं, मग छोट्या गाडीचं, मग मोठीसाठी थांबलो. तोवर उस्तादांचा एक नियम होता. नाका दिसला, पोलीस दिसला, की त्याच्या बऱ्याच अलीकडं गाडी बाजूला घ्यायची आणि सीट बदलायची. मी उजवीकडून उतरून डावीकडं, ते डावीकडून उजवीकडं. नाका गेला की परत बदल. “तुझ्याकडं मोठीचा कागद नाही तोवर असंच,” म्हणायचे. “कागद आला की बापाला पण सीट देऊ नकोस.”

हे ते स्वतः म्हणाले होते.

एकदा मी आम्हां दोघांनाही मारलं असतं. चिखलोलीत एका सोसायटीची टाकी अर्ध्यातच भरली, उरलेलं पाणी घेऊन दुसरीकडं निघालो. गाडी मी चालवत होतो. मनात म्हटलं, अर्धा टँकर म्हणजे अर्धं वजन, सोपं. उतारावर पुढं रिक्षा आली, मी ब्रेक मारला. गाडी थांबली आणि पाणी थांबलं नाही. आतल्या आत मागून पुढं आलं आणि गाडीला धक्का मारला, कुणी खांदा द्यावा तसा. गाडी रिक्षाच्या मागं जाऊन वीतभर अंतरावर थांबली. रिक्षावाला उतरून शिव्या देत होता आणि मी अजून ब्रेक दाबूनच बसलो होतो.

उस्तादांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, “पाण्याला ब्रेक नसतो. भरलेली गाडी शहाणी, रिकामी गाडी शहाणी, अर्धी गाडी येडी. अर्धं पाणी घेऊन चाललास तर हातात दुधाची वाटी आहे समज.”

त्यानंतर तसं झालं नाही. असं होतं ते शिकवणं. मी त्यांचे कपडे धुवायचो, डबा गरम करायचो, गुडघ्याला तेल लावायचो. मनापासून. आजही ते उभे राहिले तर मी उठून उभा राहीन.

पण एक गोष्ट होती. दादांच्या गावात गाडी न्यायची असली की उस्ताद म्हणायचे, “तू बस केबिनमध्ये. इथं पाइप मी धरतो.” एवढा थकलेला म्हातारा माणूस, पायऱ्या चढून टाकीवर जायचा, पाइप ओढायचा. मी आत सावलीत. मला वाटायचं, माझ्यावर माया करतात. तेवढीच विश्रांती देतात मला.

पाणी ओतलं त्या दिवशी कमानीबाहेर दगडावर बसलो आणि मग ते कळलं. सगळं एकदम कळलं. बाटली. केबिन. पाइप. माया नव्हती ती. उस्तादांना सगळं ठाऊक होतं. ते मला सावलीत बसवत नव्हते, पाण्यापासून लांब ठेवत होते. हळदीच्या दिवशी गुडघा सुजला म्हणून त्यांचा अंदाज चुकला, इतकंच.

उस्ताद टाकी धुऊन, गाडी परत भरून माझ्यासमोरून आत गेले. लंगडत्या पायानं क्लच दाबत. माझ्याकडं बघितलं नाही.

*

हळद झाली, लग्न झालं. दादांनी मला ऑफिसात बोलावलं. खुर्ची दाखवली. पहिल्यांदाच.

“मनावर घेऊ नको. म्हातारी माणसं आहेत, त्यांची पिढी वेगळी. मला स्वतःला पटलं नाही ते.”

मी म्हणालो, “हो दादा.”

“नवी गाडी येतेय. तिच्यावर तुला बसवतो. ड्रायव्हर म्हणून. उस्ताद म्हणतात तुझा हात त्यांच्यापेक्षा चांगला आहे.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. एवढं होऊनही आलं. गाडी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मायला इकडं आणता आलं असतं. मामाच्या खोलीतून उठता आलं असतं. जिच्या पायरीला हात लावायला घाबरत होतो तिच्या सीटवर माझं बूड टेकणार होतं.

“फक्त एक कर,” दादा म्हणाले. “अंबरनाथ, बदलापूर, कुठंही ने, कुणी विचारत नाही. पण आपल्या गावात पाणी न्यायचं असेल तेव्हा कमानीच्या अलीकडं गाडी उभी कर. उस्ताद तिथं असतील. सीट बदलायची. ते आत नेतील, खाली करतील, परत आणतील. मग तू घे. चहा पिऊन होतो तेवढा वेळ. तुला काय फरक पडतो?”

मी म्हणालो, “हो दादा.”

घरी सांगितलं. मामी म्हणाली, “घे. गाडी घे. कमान काय, देवाला पण बाहेरूनच नमस्कार करतो आपण.” मामा म्हणाला, “तू ठरव.” मायला फोनवर मी अर्धंच सांगितलं. गाडी मिळाली एवढं. ती शेजारणीला हाका मारून सांगत होती ते मला ऐकू येत होतं.

नवी गाडी आली. मी बसलो. चार-आठ दिवस नुसता उडत होतो. आणि मग एका सकाळी दादांचा फोन. बंगल्यावर एक गाडी टाक.

भरली. निघालो. कमान दिसली. वर देवीचं चित्र, खाली दादांच्या घराण्याचं नाव. कमानीच्या अलीकडं चहाच्या टपरीवर उस्ताद बसलेले. मला बघून उठले. गुडघ्यावर हात दाबत उठले. मी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला. हात सवयीनं दरवाज्याच्या कडीवर गेला.

आणि तिथंच राहिला.

इथं नाका नाही. पोलीस नाही. खिशात मोठ्या गाडीचं लायसन्स आहे, कल्याणच्या आरटीओत सगळ्यांसमोर गाडी चालवून मिळवलेलं. मग मी कुणाला घाबरून उतरतोय? नाक्यावर उतरायचो तेव्हा मोठीचा कागद नव्हता. आता आहे. आता उतरलो तर एकाच कारणानं उतरलो. आणि आज उतरलो तर दर वेळी उतरणार. दर वेळी स्वतःच्या हातानं दरवाजा उघडून, स्वतःच्या पायानं खाली येऊन, मीच सांगणार की हो, माझा हात लागला तर पाणी बाटतं.

उस्ताद दरवाज्याशी आले. “उतर.”

“कशाला?”

“पोरा, नाटक करू नको. उतर.”

“कशाला उतरू ते सांगा, उस्ताद. तुमच्या तोंडानं सांगा.”

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. टपरीवरची माणसं वळून बघत होती. “माझा गुडघा बघ,” ते हळू आवाजात म्हणाले. “हा असा पाय घेऊन मी तुझ्यासाठी चढतोय. तुझी गाडी राहावी म्हणून. आणि तू मलाच विचारतोस?”

“मग चढू नका. मी नेतो आत. तुमचा गुडघा वाचेल.”

मागं गाड्या लागल्या. हॉर्न सुरू झाले. कुणीतरी फोन केला असणार, दादा मोटारसायकलवर आले. उतरले आणि सरळ दरवाज्यावर लाथ मारली. नव्या गाडीच्या.

“खाली ये!”

“गाडी आत जाईल तर मी नेईन. नाहीतर आत जाणार नाही.”

माझा आवाज चिरकला होता. हे लपवत नाही. शूर माणूस नव्हतो मी, आजही नाही. पण तोंडातून ते गेलं.

दादांनी माझी जात काढली. आईपासून सुरुवात केली, मग जात, मग परत आई. टपरीसमोर, रस्त्यावर, मागच्या गाड्यांतल्या माणसांसमोर. आपण नाही मानत ते जुनं, असं म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडात तो शब्द तयारच होता. शोधावा लागला नाही. “गटारातून उचलला तुला! निळा झाला होतास! माणूस केला! आणि आता माझ्या कमानीत उभा राहून मला बोलतोस? पायरी विसरलास?”

मी म्हणालो, “उचललं ते खरं. पाया पडलो तेही खरं. पण उतरणार नाही.”

“मग व्हॉल्व खोल. इथंच ओत पाणी आणि चालता हो.”

“नाही.”

एवढा एकच शब्द. आयुष्यात त्या माणसाला पहिल्यांदा.

मी गाडी रिव्हर्सला टाकली. मागं थापा मारायला कुणी नव्हतं. आरसे बघितले, मागच्या रिक्षावाल्याला हात केला. तो सरकला. त्याच्यामागचा सरकला. उस्ताद तिथंच उभे होते, ते मागं येऊन उभे राहिले नाहीत. मी एकट्यानं भरलेली गाडी मागं घेतली, वळवली, यार्डात नेऊन लावली. एक थेंब सांडू दिला नाही. किल्ली ऑफिसच्या टेबलावर ठेवली.

तिथून चालत पोलीस ठाण्यात.

*

ठाण्यात मला बाकावर बसवलं. साहेब बाहेर गेलेत. साहेब जेवतायत. साहेब बंदोबस्ताला गेलेत. एक हवालदार जवळ येऊन बसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तरुण आहेस. ड्रायव्हर आहेस. कुठंही नोकरी लागेल. गाववाले लोक आहेत ते, त्यांच्याशी कशाला? मिटवून टाक.”

मी म्हणालो, “मिटवायचं असतं तर मी उतरलो असतो.”

तो उठून गेला. संध्याकाळी मामा आला, वस्तीतली माणसं घेऊन. त्यात कोर्टाच्या कामातली एक बाई होती, तिला कायद्याचं कलम पाठ होतं. ती आली आणि साहेब जेवून आले.

तक्रार लिहून घेताना साहेबांनी पेन थांबवलं. “पाणी ओतायला लावलं म्हणतोस. कमानीपाशी जातीवरून शिवी दिली म्हणतोस. साक्षीदार कोण? तुझ्या नात्यातला चालणार नाही. दोन्ही वेळेला हजर असलेला माणूस सांग.”

आचारी? तो पुढच्या लग्नाला गेला. टपरीवाला त्याच गावचा. वाडीतल्या त्या बाईचं नाव मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी तिला मी यात ओढलं नसतं. तिला पुन्हा तिथंच भांडी घासायला जायचंय.

दोन्ही वेळेला हजर असलेला माणूस एकच होता.

बाई माझ्याकडं बघत होती, मामा बघत होता. मी उस्तादांचं नाव सांगितलं. पूर्ण. बापाच्या नावासकट.

दुसऱ्या दिवशी उस्ताद खोलीवर आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मामीनं चहा केला. त्यांनी कप हातात घेतला आणि खाली ठेवला. प्यायले नाहीत. मी बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांनी बघितलं. मग उचलून प्यायले. एका घोटात, औषध प्यावं तसा.

“माझं नाव काढ,” म्हणाले.

“नाही काढत.”

“मला काढून टाकतील रे. या वयात कोण गाडी देईल मला?”

“मला काढलंच आहे.”

“मी शिकवलं तुला. पोटच्या पोरासारखं शिकवलं. त्याचं हे फेडतोस?”

इथं पूर्वीचा मी असतो तर त्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतं. ठाण्यात जाऊन नाव मागं घेतलं असतं. उपकार असा असतो. तो मागायला येतो तेव्हा कधी थोडं मागत नाही, आख्खा माणूस मागतो.

“तुम्ही शिकवलंत,” मी म्हणालो. “तुमच्यासारखं कुणी शिकवलं नसतं. पण गाडी शिकवलीत उस्ताद, गप्प राहायचं शिकवलं नाहीत. ते तुम्ही एकटेच करत होतात. केबिनमध्ये बसवून. सावलीत.”

ते उठले. दारात थांबले. “मी कोर्टात म्हणेन, मी काही ऐकलं नाही.”

“म्हणा.”

“मग काय करशील?”

त्यांचा गुडघा दुखत होता, जिन्यावर मी त्यांचा हात धरला आणि खाली रिक्षापर्यंत सोडलं. रिक्षात बसताना त्यांनी मला शिवी दिली. ती गिअरची नव्हती.

आता मी अंबरनाथला माल भरतो आणि भिवंडीकडं नेतो. मालक दुसरा आहे. त्यानं आडनाव विचारलं तेव्हा मी सांगितलं आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहिलो, तो नजर खाली करेपर्यंत. त्याचे आभार मानले नाहीत. काम देतो, काम घेतो. बस. माय अजून म्हणते, “इतका उर्मट कधी झालास?” झालो.

केस उभी आहे. दादांचा निरोप दोनदा येऊन गेला, एकदा गोड, एकदा धमकीचा. तिसरा आला तरी उत्तर तेच. उस्तादांचा जबाब व्हायचाय. ते खरं बोलले तर मी कोर्टाबाहेर सगळ्यांसमोर त्यांच्या पाया पडेन. ते खोटं बोलले तर त्याच कोर्टात, त्यांच्यासमोर उभा राहून, हा माणूस खोटं बोलतोय असं मी सांगेन. त्यांनीच मला गाडी शिकवली हेही सांगेन. दोन्ही लिहून घ्या म्हणेन.